चौदावा कट्टा : एका लाकडी स्पारच्या मोडीचा तपास

विमानाच्या पंखाचा लाकडी कणा, म्हणजे स्पार, मोडला तो चौदाव्या कट्ट्याला. आमचं गणित एकोणिसाचं होतं.

ठिकाण लातूर. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची सुतारशाळा, वर पत्रा. जूनचा मध्य, मृगाचे दोन पाऊस होऊन गेलेले. सात मीटर लांबीची लाकडी तुळई दोन लोखंडी घोड्यांवर पालथी मांडलेली, तिच्यावर आडव्या फळ्या आणि फळ्यांवर सोयाबीनचे ५० किलोचे कट्टे. कट्टे एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या आडतीवरून आणले होते. पेरणीचे दिवस आणि माल बियाण्याचा, त्यामुळे ‘आपटू नका, उगवण जाते’ अशी तंबी आधीच मिळालेली. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते. कट्टा उंचावरून टाकला की दाणा आतून दुखावतो. चार-चार पोरं मिळून झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा एकेक कट्टा ठेवत होती. याचा पुढे तपासात फायदा झाला. धक्का बसून मोडलं असं कुणालाच म्हणता आलं नाही.

आवाज फार मोठा झाला नाही. लाकूड मोडायच्या आधी कुरकुरतं, एकेक तंतू तुटल्याचं ऐकू येतं, माणसाला बाजूला व्हायला वेळ देतं. इथं तसलं काही नाही. जाम बसलेलं पेटीचं झाकण एकदम उघडावं तसा एक खटका झाला, डावा भाग खाली गेला आणि सोयाबीन शेडभर पसरलं. मी आयुष्यभर लाकडी ग्लायडरांची देखभाल केली, पुण्याजवळ हडपसरला. तो खटका ऐकल्यावर मला वाकून बघायचीही गरज नव्हती. पण मला जे कळलं ते इतरांना पटवायला पुढचे तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत माझीही एक चूक बाहेर निघाली. तीही इथं लिहितो.

हे विमान कुठलं

मुलांना आधी पुस मॉथ हवं होतं. कारण उघड आहे: १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते पुस मॉथमधून. मग टायगर मॉथचं नाव निघालं. ही दोन्ही विमानं लोकांच्या तोंडी ‘लाकडी’ आहेत, पण त्यांचा धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आहे, लाकूड पंखांत. महाविद्यालयाला लाकूडकाम शिकवायचं होतं आणि विमान उडवायचं मुळीच नव्हतं. तशी परवानगीही नव्हती. एक पूर्ण मापाचा स्पार बनवायचा, भार देऊन तपासायचा आणि मग दर्शनी भिंतीवर टांगायचा, एवढाच बेत. म्हणून मी जोडेल सुचवलं.

जोडेल हे नाव दोन माणसांच्या नावांचे तुकडे जोडून झालंय. जोली आणि देलेमोंतेझ. एदुआर जोली सासरे, ज्याँ देलेमोंतेझ जावई. फ्रान्समधल्या बोन या द्राक्षमद्याच्या गावात दुसरं महायुद्ध संपल्यावर दोघांनी मिळून एक आसनी छोटं विमान बनवलं, डी-९, लाडाचं नाव ‘बेबे’, म्हणजे बाळ. २२ जानेवारी १९४८ ला ते पहिल्यांदा उडालं. पंख टोकापासून टोकापर्यंत ७ मीटर, इंजिन २५ अश्वशक्तीचं, माणूस आणि इंधन धरून वजन ३२० किलो. आपल्याकडच्या बुलेटपेक्षा थोडीच जास्त ताकद, आणि त्यावर माणूस आकाशात. फ्रेंच सरकारला तेव्हा उड्डाण क्लबांसाठी स्वस्त विमानं हवीच होती. दोन वर्षांत दोन आसनांचं डी-११ आलं, आणि पुढे त्या घराण्यात इतकी भावंडं जन्मली की मोजताना गोंधळ होतो. घरच्या शेडमध्ये बनवणाऱ्यांना नकाशे विकत मिळत, हेही त्याच्या पसाऱ्याचं एक कारण. पिएर रोबँ याने १९५७ मध्ये देलेमोंतेझला सोबत घेऊन कारखाना काढला. त्यातून आलेलं १९७२ चं डीआर-४०० हे त्याच वळणाच्या पंखाचं लाकडी विमान, आणि ते आजही फ्रान्सच्या क्लबांत विद्यार्थी घडवतं.

वळणाचा पंख म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मोडलेला स्पार त्याचाच होता. जोडेल समोरून पाहिलं की मधला पंख सपाट दिसतो आणि दोन्ही टोकांचे भाग एकदम वर उचललेले, साधारण १४ अंशांनी. बैठकीवर बसलेल्या माणसानं हाताचे कोपर गुडघ्यावर टेकवून पंजे वर करावेत, तसं. या बाहेरच्या भागांना शिवाय पीळ दिलेला असतो: टोकाकडे जाताना पंखाची पुढची कड हळूहळू खाली झुकत जाते. त्यामुळे उचल मधल्या भागात जास्त आणि टोकाला कमी.

त्याचा परिणाम उडताना जाणवतो. वेग कमी करत करत पंखाची हवा सुटायची वेळ आली, ज्याला सगळे स्टॉल म्हणतात, की आधी मधला भाग सोडून देतो. टोकं अजून हवा धरून असतात आणि एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पट्ट्या, तिथंच बसवलेल्या, म्हणून हातात ताबा राहतो. विमान एका अंगावर कोसळत नाही. नाक हलवून ‘पुरे आता’ म्हणतं. कमी ताकदीच्या इंजिनावरही चढतं. टायगर मॉथमध्ये एलेरॉन फक्त खालच्या पंखांना. त्याला वळवताना पाय नीट वापरला नाही तर नाक उलटीकडे सरकतं, आणि शिकाऊ माणूस घामाघूम होतो. जोडेल त्या मानानं सभ्य. पण तोटे आहेतच. डी-९ ला फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखामागून खाली सोडायच्या पट्ट्या, नाहीत आणि पंख जमिनीलगत, त्यामुळे उतरताना जरा वेग जास्त राहिला की धावपट्टीवर हवेच्या गादीवर तरंगतच राहतं. उंची घालवायला साइडस्लिप, म्हणजे तिरपं करून सरकवणं, हाच उपाय. शेपटीला स्थिर उभा पंख जवळजवळ नाही, सगळा सुकाणूच. पाय पेडलवरून उचलून चालत नाही.

एक गंमत म्हणून आम्ही हिशोब केला. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटरवर. मे महिन्यात दुपारी ४१ अंशांना इथली हवा इतकी विरळ होते की विमानाला ते १७००–१८०० मीटर उंचीवर असल्यासारखंच वाटतं. हवेचा साधारण सहावा हिस्सा गायब. इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात उतरते आणि जमिनीवरून सुटायला सुमारे नऊ टक्के जास्त वेग लागतो. बोनच्या जानेवारीत उडालेलं पंचवीस घोड्यांचं बाळ आमच्या मेमध्ये वीस-एकवीस घोड्यांचं. एक मुलगी म्हणाली, “सर, म्हणजे पहाटेच उडायचं.” बरोबर. हे वाक्य तिनं हवेबद्दल म्हटलं होतं. पुढे ते डिंकाला लागू पडलं.

आढं

काम सुरू झालं फेब्रुवारीत. सुतारशाळेत एक मिस्त्री आहेत, औसा तालुक्यातले, मुलं त्यांना मामा म्हणतात. मीही मामाच म्हणतो, वयानं ते माझ्याहून लहान असले तरी. स्पारचा नकाशा पाहून मामा म्हणाले, “हे तर आढंच की. माळवदाचं.” आणि ते खरंच आहे. फरक एवढाच की माळवदाची तुळई वरचा भार खाली झेलते, पंखाचा स्पार खालून वर ढकलला जातो. म्हणून तपासणीत तो पालथा घालायचा. मग कट्ट्यांचं वजन हवेच्या उचलीचं काम करतं. वर दिसते ती पट्टी खरं तर स्पारची खालची पट्टी, आणि ती ताणली जाते.

मामांचा पहिला हट्ट सागवानाचा. “वाळवी लागत नाही, पिढ्या जातात.” सागाचं वजन घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास, विमानाला लागणारा स्प्रूस चारशेच्या जरा वर. शिवाय सागात तेल असतं, डिंक धरत नाही. वखारीत स्प्रूस कुठला मिळणार? डग्लस फर मिळाली, आयात केलेली. ती स्प्रूसपेक्षा जड, पण चालते. तिच्या फळ्यांत मामा आणि मी दोन दिवस बसलो. लाकडाची शीर किती तिरपी जाते ते डोळ्यांना फसवतं. शाईचा एक थेंब टाकला की तो शिरेच्या दिशेनं पसरतो आणि खरं सांगतो. पंधरा एकक लांबीत एक एककापेक्षा जास्त तिरपेपणा असेल तर फळी बाद. अकरा फळ्यांतल्या सात बाद झाल्या. वखारवाला वैतागला.

स्पार पेटीसारखा असतो: वर एक पट्टी, खाली एक पट्टी, दोन्ही बाजूंना प्लाय. पट्ट्या लांब हव्यात आणि फळ्या आठ फुटी, त्यामुळे तिरपे सांधे घालावे लागतात. दोन्ही टोकं कलमाच्या फांदीसारखी तिरपी तासायची, जाडीच्या बारापट लांबीत, आणि एकमेकांवर चिकटवायची. नीट जमलं तर सांधा लाकडाइतकाच बळकट. या प्रकरणात सगळं त्या ‘नीट जमलं तर’वर येऊन थांबतं.

खालच्या पट्टीचे चार सांधे एकाच दिवशी लावले, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. मी त्या दिवशी आंबाजोगाईला लग्नात होतो. जाताना सूचना देऊन गेलो: डिंक मोजून मिसळा, नमुना तुकडा काढा, शिकंजे घट्ट आवळा.

संशयित

मोडल्याच्या दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांच्या खोलीत बैठक झाली. त्यांचं म्हणणं पहिल्या वाक्यात संपलं: आपलं हवामानच लाकडी विमानाला नाही. हे म्हणणं वरवरचं नव्हतं, आणि ते मी इथं पूर्ण ताकदीनं मांडतो. ज्या गावाला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं एप्रिलमध्ये लाकूड कोरडं पडणारच. चाळीस अंश आणि हवेत वीस टक्के आर्द्रता असेल तर लाकडातलं पाणी काही दिवसांत चार-पाच टक्क्यांवर येतं. तेच लाकूड ऑगस्टच्या दमट हवेत पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत पाणी पितं. दहा टक्क्यांच्या या फरकानं डग्लस फरची शंभर मिलिमीटर रुंद फळी दोन मिलिमीटर तरी फुगते. शिरेच्या लांबीत मात्र जवळपास काहीच नाही. म्हणजे एक तुकडा आडवा फुगतो, शेजारचा प्लाय फुगत नाही, आणि मधला सांधा कातरीत सापडतो. सर म्हणाले, “उन्हात वाळलं, मृगात फुगलं, सांधा सुटला. यात चूक कुणाची नाही.”

‘चूक कुणाची नाही’ हे शब्द मला खटकले. असल्या निष्कर्षाला सगळे लगेच मान डोलावतात, कारण त्यात कुणाचं नाव येत नाही.

मी त्यांना मॉस्किटोची गोष्ट सांगितली. डी हॅविलँडचं हे दोन इंजिनांचं युद्धविमान, बर्चच्या प्लायचं आणि आत बाल्साचं. १९४४ च्या अखेरीला पूर्वेकडच्या आघाडीवर काही मॉस्किटो हवेत मोडली. आधी संशय गेला केसीनवर, म्हणजे दुधापासून केलेल्या डिंकावर. तो ओल धरतो, बुरशी धरतो, हे खरंच आहे. मग मेजर हेअरवर्ड डी हॅविलँड पथक घेऊन भारतात आले आणि अहवाल दिला: डिंक नव्हे, पावसाळ्यातल्या हवेनं सांगाडा आकसला. विमान मंत्रालयालाही हे सोयीचं होतं. वैमानिकांचा विश्वास टिकवायचा होता. पण पुढच्या तपासात इंग्लंडमधल्याच, पावसाळ्याचं तोंडही न पाहिलेल्या विमानांत तसलेच दोष सापडले. डिंकाचं काम नीट झालं नव्हतं. हवामानाचा हात होता, नव्हता असं नाही; पण ज्या सांध्यात दोष होता तोच हवामानाला सापडला.

सर म्हणाले, “ती लढाई होती. ही सुतारशाळा आहे.” गोष्टीनं काही सिद्ध होत नाही हे त्यांचं बरोबरच होतं.

दुसरा संशय एका विद्यार्थ्याचा: कट्टे टोकांकडे जास्त ठेवले का? त्याचा निकाल तासाभरात लागला. विमानाच्या ३२० किलोंतून पंखाचं स्वतःचं वजन ७० धरून वजा केलं, कारण पंख स्वतःला जागच्या जागी उचलतो, त्यानं स्पार मधोमध वाकत नाही. राहिले २५०. म्हणजे सरळ उडताना स्पारवर पाच कट्टे. साठ अंश तिरपं होऊन वळताना दुप्पट, दहा कट्टे. अशा विमानाला ३.८ पट भार झेलता यायलाच हवा, म्हणजे एकोणीस. तुटण्याची हद्द त्याच्या दीडपट, साडेअठ्ठावीस. चौदा म्हणजे २.८ पट. फोटोंतून प्रत्येक कट्ट्याची जागा मोजली. पीळ दिलेल्या पंखाला हवी तशीच, मध्यावर जास्त आणि टोकाला कमी, अशीच मांडणी होती. तो मुद्दा संपला.

मग लाकूड? मोडलेल्या सांध्याजवळून तुकडा कापून वाकवला. शिरा छान तुटल्या, लांब लांब कुसळं निघाली. लाकूड निर्दोष.

सांध्याचं तोंड

आता त्या तोंडाकडे. आधाराच्या डावीकडे, सव्वा हातावर, खालच्या पट्टीतला सांधा. मी दोन्ही तोंडं खिडकीच्या उजेडात धरून मुलांच्या हातात दिली. एका तोंडावर मधासारखा पिवळसर, चकचकीत थर. दुसऱ्यावर कोरं लाकूड. रंध्याच्या पात्याचा एक बारीक ओरखडा होता त्यावर, आणि त्या ओरखड्याचा उलटा ठसा समोरच्या डिंकावर स्वच्छ उमटलेला. बोट फिरवलं तर नखाला लागत होता. म्हणजे डिंक दुसऱ्या लाकडाला टेकला, त्याचा साचा घेतला, पण आत मुरला नाही. चिकटलाच नाही. फुगून-आकसून सांधा सुटला असता तर कडांकडून फाटत गेला असता आणि कुठंतरी लाकडाचे तंतू ओढून आणले असते. इथं एक तंतू नाही.

तेव्हा कोपऱ्यात उभे असलेले मामा बोलले. “सर, म्या तवाच म्हनलं व्हतं लेकरायला. तार आली व्हती.”

“कशाला तार?”

“डिंकाला. पाकाला येती तशी. काडी उचलली की दोरा निघत व्हता. म्हनलं, आता नगा लावू. म्हनले, मामा, डब्यावर चाळीस मिनटं लिव्हलंय.”

मुलांची वही आली. वही चांगली ठेवली होती, हे सांगायलाच हवं. वजनं अचूक, पण वेळ कुठंच नाही. वेळ सापडली मोबाईलमध्ये. पोरं दर दोन मिनिटांनी फोटो काढतातच. मिश्रण ढवळल्याचा फोटो दुपारी २.१०. पहिला सांधा २.१४. चौथा सांधा, तोच मोडलेला, २.२९. एका फोटोत छताचा पंखा थांबलेला दिसतो. लाईट गेली होती. शेडमधलं तापमान त्या दिवशी ४१.

डब्यावरचं ‘चाळीस मिनिटं’ खरं आहे, पण २५ अंशांना आणि शंभर ग्रॅम मिश्रणाला. ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना वेळ निम्मी होते. सोळा अंश जास्त म्हणजे चाळिसाची तेरा मिनिटं उरली. त्यातून पोरांनी सहाशे ग्रॅम एकाच स्टीलच्या मगात कालवलेलं. हा डिंक म्हणजे इपॉक्सी, आणि ते घट्ट होताना स्वतःच तापतं; मोठ्या गोळ्याची उष्णता बाहेर पडत नाही, ती आणखी तापवते, आणि घड्याळ पळायला लागतं. एकोणिसाव्या मिनिटाला मगात जे होतं ते डिंक नव्हतंच, पाक होता.

मग नमुना तुकडा कसा पास झाला? प्रत्येक मिश्रणाचा एक छोटा तुकडा चिकटवून दुसऱ्या दिवशी फोडायचा, ही विमानशाळांतली जुनी पद्धत. तो तुकडा त्यांनी केला होता, फोडलाही होता, लाकडातूनच फुटला होता, वहीत ‘उत्तम’ लिहिलं होतं. पण तो केला होता २.१२ ला. मिश्रण हातात आल्याबरोबर, सगळ्यात ताज्या डिंकाचा. तुकडा खरं बोलला, पण फक्त पहिल्या सांध्याबद्दल. चौथ्याबद्दल त्याला विचारलंच नव्हतं. त्यांना हे कुणी शिकवायला हवं होतं? मी. माझ्या सूचनेत ‘नमुना तुकडा काढा’ एवढंच होतं, ‘शेवटी काढा’ नव्हतं.

सरांना अजून पुरावा हवा होता, आणि मला त्यांचा हा गुण आवडला. आम्ही पहिला सांधा, २.१४ चा, करवतीनं कापून काढला. तेच लाकूड, तोच डबा, तेच ऊन, तोच मृग. शिकंज्यात धरून फोडला. तोंडाचा बराचसा भाग लाकडातून फाटला, तंतू पांढरे उभे राहिले. हवामानाचा दोष असता तर दोन्ही सांध्यांना सारखाच लागला असता. सरांनी चष्मा काढून दोन्ही तुकडे जवळ घेतले, आणि त्यानंतर हवामानाचा विषय निघाला नाही.

पण त्या चांगल्या सांध्यावरही मध्ये बोटाएवढ्या तीन जागा कोरड्या होत्या, बरोबर शिकंज्यांच्या खाली. ही माझी चूक. मी शिकलो केसीनवर, नंतर रिसॉर्सिनॉल या काळपट लाल डिंकावर. त्यांना घट्ट दाब लागतो, सांधा जितका पातळ तितका चांगला. इपॉक्सीचं उलट आहे. त्याला थोडी जाडी हवी. जोरात आवळलं की डिंक कडेनं ओघळून जातो आणि सांधा उपाशी राहतो. ‘घट्ट आवळा’ हे माझे शब्द, चाळीस वर्षांच्या सवयीनं आलेले. पहिला सांधा त्यातूनही तरला; चौथ्याला दोन्ही बाजूंनी मार बसला. आणि आणखी एक: तिरपी तोंडं आठ दिवस आधी तासून ठेवलेली होती. शेडमध्ये आठ दिवसांत मराठवाड्याची किती धूळ बसते ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. तोंड त्याच दिवशी, धारदार पात्यानं तासायचं असतं. बोथट पातं लाकडाला कापत नाही, घासून गुळगुळीत करतं, आणि गुळगुळीत लाकूड डिंक पीत नाही.

पहाट

नवी खालची पट्टी जुलै–ऑगस्टमध्ये केली. फार सांगण्यासारखं नाही. पहाटे साडेपाचला शेड उघडायचं, तोंडं तासायची, शंभर ग्रॅमच्या वर मिश्रण करायचं नाही. ते मगात नव्हे, पसरट ताटलीत, म्हणजे तापत नाही. भिंतीवर घड्याळ आणि थर्मामीटर शेजारी-शेजारी. शिकंजे बोटांच्या जोरानं, कडेला डिंकाची बारीक ओळ दिसेपर्यंतच. आणि नमुना तुकडा ताटलीत उरलेल्या शेवटच्या डिंकाचा. पावसाळ्यातली ओल होती, म्हणून पट्ट्या चिकटवायच्या आधी आठवडाभर बल्ब लावलेल्या पेटीत ठेवल्या. मापकावर दहा टक्के आल्यावरच बाहेर काढल्या. हवामानाबद्दल सर जे म्हणाले होते त्याचा आम्ही इथं मान राखला. स्पार भिंतीवर टांगताना तो पांढरा रंगवायचा असंही ठरलं. गडद रंग उन्हात तापतो आणि तापलेलं इपॉक्सी मऊ पडतं. 

दिवाळीनंतर, नवं सोयाबीन आडतीवर आल्यावर, पुन्हा कट्टे मागितले. आडतवाले म्हणाले, “या वेळी तेलाचा माल देतो, सांडला तरी चालंल.” सांडला नाही. एकोणीस कट्टे चढले, पाच मिनिटं राहिले, टोक खाली वाकलं आणि कट्टे उतरवल्यावर पूर्ण वर आलं. विसाव्या कट्ट्यासाठी मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणालो. स्पार भिंतीवर जायचा होता.

मामांनी सुतारशाळेच्या खिडकीत नमुना तुकडे मांडून ठेवलेत. फोडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख आणि वेळ. आता एकतीस झालेत, कारण मुलं आता सांगाड्याचे रिब, म्हणजे फासळ्या, बनवतात आणि तेही त्याच पद्धतीनं. एकोणतीस लाकडातून फुटलेत. दोन डिंकातून सुटले. त्या दोन दिवसांचे सांधे मामांनी कुणाला न विचारता त्याच संध्याकाळी करवतीनं कापून टाकले.